'दिविझियोन' म्हणजे डिव्हिजन नव्हे

माजी युगोस्लाव्हियासंबंधीचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ साली स्थापन केले. हेग येथे त्याचे काम २०१७ पर्यंत चालले. बोस्नियातील युद्धाचे लष्करी हुकूम व अहवाल तेथे इंग्रजीत आणावे लागत. हाताखालच्यांचे गुन्हे ठाऊक असूनही ते न रोखणारा वा त्यांना शासन न करणारा अधिकारीही सनदेच्या ७ व्या कलमान्वये जबाबदार धरला जाई. म्हणून कोण किती मोठ्या पथकाचा प्रमुख होता, हे अनुवादातून अचूक कळणे अगत्याचे होते.

'देसेतिना' हे दहा या संख्येवरून पडलेले नाव, इंग्रजीत स्क्वॉड. 'व्होद' म्हणजे प्लॅटून, 'चेता' म्हणजे कंपनी. येथवर अडचण नाही. खरा चकवा 'दिविझियोन' या शब्दाचा. तो डिव्हिजनसारखा ऐकू येतो. परंतु त्याचा अर्थ तोफखान्यातील बटालियनएवढे पथक असा आहे. डिव्हिजनला 'दिविझिया' हा वेगळा शब्द आहे. येथे चूक झाली, तर काहीशे सैनिकांचा अधिकारी कागदोपत्री हजारोंचा सेनापती ठरतो. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपली 'पलटण' कानाला प्लॅटूनसारखी लागते, पण असते बटालियनएवढी.

दुसरा गुंता असा की, बोस्नियातील क्रोएट सैन्य बटालियनला 'बोयना' आणि कंपनीला 'सातनिया' म्हणे, तर सरकारी सेनेत त्यांनाच 'बाताल्योन' व 'चेता' म्हणत. इंग्रजी प्रतिशब्द मात्र एकच. अशा ठिकाणी मूळ शब्द कंसात राखणे श्रेयस्कर. कारण कागद कोणत्या सैन्याचा, याचा माग पुष्कळदा त्यावरूनच लागतो.