वेटिंग लिस्टला नंबर हवा

कर्जत स्टेशनवर लांब पल्ल्याच्या गाडीचं वेटिंग तिकीट काढलं, तर त्यावर नंबर असतो. रोज चौकशी केली की तो किती खाली उतरला हेही कळतं. मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्याला बऱ्याचदा पूल कोट्यातलं वेटिंग मिळतं आणि ती यादी जनरल कोट्यापेक्षा सावकाश सरकते, हे इथल्या तिकीट एजंटांना पाठ असतं. बर्थ मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. पण आपण रांगेत कितवे आणि कोणत्या रांगेत, एवढं प्रवाशाला माहीत असतं. त्यावरून तो ठरवतो की थांबायचं, की लोकल धरून मुंबईकडची दुसरी सोय बघायची.

शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धांत मात्र एवढंही अनेकदा कळत नाही. ‘आपली टीम प्रतीक्षा यादीत आहे, जागा झाल्यास कळवू,’ असा दोन ओळींचा मेल येतो. यादी किती लांब, टीम त्यात कितवी, क्रम कशावरून लावला, यातलं काहीच त्यात नसतं.

कोंडाणे परिसरातल्या एका अनुदानित शाळेच्या टीमला असाच मेल आला होता. आठवी-नववीच्या या मुलामुलींना रोबोटची जोडणी आणि कोडिंग शिकवायला मी जातो. राजमाचीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पालकांची कामं म्हणजे भातशेती, फार्महाऊसवरची राखण, रिसॉर्टमधलं स्वयंपाकघर, नाहीतर कर्जतला दुकानात नोकरी. शाळेत स्वतंत्र लॅब नाही. २०१६ साली नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू केली. त्यात निवड झालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अशी लॅब असलेल्या दुसऱ्या एका शाळेने आपलं जुनं किट या मुलांना वापरायला दिलं. सरावाचं टेबल गावातल्या सुताराने प्लायवूडचं करून दिलं. सराव वऱ्हांड्यात, शाळा सुटल्यावर, लाइट असेल तोवर.

विभागीय फेरीत मुलांनी चांगले गुण मिळवले. वरच्या काही टीम थेट अंतिम फेरीत गेल्या आणि ही टीम वेटिंगवर राहिली. त्यानंतर बराच काळ काहीच कळलं नाही. मग दुसऱ्या शाळेतल्या ओळखीतून समजलं, की गुणतक्त्यात यांच्या खाली असलेल्या एका टीमला जागा मिळाली आहे. मुख्याध्यापकांनी फोन केला, तेव्हा ‘निवड समितीचा निर्णय’ एवढंच उत्तर मिळालं. पुढे एका शुक्रवारी संध्याकाळी या टीमलाही जागा झाल्याचा फोन आला. फी रविवारी रात्रीपर्यंत भरायची होती.

दोन दिवसांत पैसे उभे राहिले नाहीत. आयांचा बचत गट महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला बसतो आणि कर्जमंजुरी त्या बैठकीतच होते. शाळेच्या खात्यातून रक्कम काढायला दोन सह्या लागतात, त्यातली एक सही करणारे गृहस्थ त्या वेळी गावाबाहेर होते. जागा पुढच्या टीमकडे गेली. कोड लिहिणाऱ्या मुलीने मला विचारलं, “सर, आपण कितवे होतो?” तिला सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता.

त्या आयोजकांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. खालच्या टीमला वर घेण्यामागे कारण असूही शकतं. ती फक्त मुलींची टीम असेल, तिच्या जिल्ह्यातून दुसरं कुणीच आलेलं नसेल. अशी कारणं योग्यही असतात. पण ती निकालानंतर आणि तीही विचारल्यावरच पुढे आली, तर वशिल्यापासून वेगळी ओळखता येत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाने तो फरक ओळखावा अशी अपेक्षा करणं तर अन्यायच आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. डीन केमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये तिची पहिली स्पर्धा झाली तेव्हा अठ्ठावीस टीम होत्या, त्यामुळे वेटिंगचा विषयच नव्हता. आता टीम हजारोंनी आहेत आणि एप्रिलमधल्या जागतिक अंतिम स्पर्धेची मैदानं तेवढी मोठी नाहीत. हायस्कूल गटातल्या मोठ्या रोबोटांच्या स्पर्धेत अनेक वर्षं प्रादेशिक फेऱ्या जिंकणारे आणि ठरावीक पुरस्कार मिळवणारे थेट जात. उरलेल्या जागांसाठी संस्थेने प्रतीक्षा यादीची सोडत ठेवली होती. या सोडतीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या नसत. जी टीम जास्त वर्षं अंतिम स्पर्धेला गेलेली नसे, तिची संधी जास्त. दरवर्षी जाणाऱ्या श्रीमंत शाळेला चिठ्ठीत थोडं मागे ठेवायचं आणि वर्षानुवर्षं दारात उभ्या असलेल्यांना पुढे घ्यायचं, असा हा विचार. मला तो पटतो, कारण यात दया नाही, हिशोब आहे, आणि तो हिशोब कुणालाही आधी करून बघता येतो.

त्याच संस्थेच्या ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या स्पर्धेत मार्ग वेगळा होता. तिथे वरच्या फेरीत कोण जाणार याचा क्रम हंगाम सुरू होण्याआधीच नियमपुस्तिकेत छापलेला असे. अनेक हंगाम त्या क्रमात सगळ्यात वर ‘इन्स्पायर’ पुरस्काराची पहिली टीम आणि तिच्या पाठोपाठ विजेत्या आघाडीचा, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टीमच्या गटाचा, कर्णधार अशी मांडणी होती. एखादी टीम आधीच दुसरीकडून पात्र झालेली असेल, तर जागा त्याच क्रमाने खाली उतरत असे. ‘व्हेक्स’ या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धामालिकेत दुहेरी पात्र ठरलेल्या टीमची जागा रोबोट स्किल्सच्या गुणांवरून भरतात. त्यात रोबोट मैदानात एकटा असतो. साठ सेकंद मुलं त्याला चालवतात, साठ सेकंद तो स्वतःच्या कोडवर चालतो. प्रतिस्पर्धी नाही, नशिबाने मिळालेला जोडीदारही नाही.

या तिन्हींत दोष आहेत. सोडत कष्टाकडे पाहत नाही. स्किल्सचे गुण बघायला स्वच्छ दिसतात, पण ज्या शाळेत पूर्ण मापाचं मैदान कायम मांडून ठेवलेलं असतं तिथली मुलं ते सहज वाढवतात. वऱ्हांड्यात टेबल मांडून-काढून सराव करणाऱ्यांना ते जड जातं. पुरस्कारांचा क्रम शेवटी परीक्षकांच्या मतावर उभा असतो, आणि परीक्षकांसमोर इंग्रजीत सफाईने बोलणारी मुलं उजवी ठरण्याची भीती राहतेच. तरीही मी यातली कोणतीही पद्धत स्वीकारीन, कारण खेळ सुरू होण्याआधी ती कागदावर असते.

‘फर्स्ट’ने आणखी एक उपाय करून पाहिला, आणि तो जास्त धाडसी होता. २०१७ साली त्यांनी जागतिक स्पर्धाच दोन शहरांत वाटली. त्या वर्षी ह्यूस्टन आणि सेंट लुईस, पुढची दोन वर्षं ह्यूस्टन आणि डेट्रॉइट. जागा वाढल्या, बाहेर राहणारे कमी झाले. जुन्या टीम मात्र नाराज झाल्या. सगळ्या जगातले चांगले रोबोट एका छताखाली बघायला मिळणार नाहीत, आणि मग जगज्जेता कुणाला म्हणायचं, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. पुन्हा सारं एकट्या ह्यूस्टनमध्ये आलं. जागा वाढवल्या तरी काहीतरी हातातून जातं, हे त्यातून दिसलं.

महाराष्ट्रातल्या पालकांना सोडत आणि प्रतीक्षा यादी यांचा सगळ्यात मोठा अनुभव आहे तो शिक्षणहक्क कायद्याचा. या २००९ च्या कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. राज्यात त्याची ऑनलाइन सोडत निघते, निवड यादीबरोबर प्रतीक्षा यादीही लागते आणि जागा उरल्या की क्रमाने पुढच्यांना बोलावलं जातं. फक्त एसएमएसच्या भरवशावर राहू नका, पोर्टलवर स्वतः पाहा, असं शिक्षण विभाग पालकांना सांगतो. ही सूचना प्रत्येक रोबोटिक्स मेंटरने आपल्या वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

याच प्रक्रियेत नियम मध्येच बदलला तर काय होतं, तेही राज्याने पाहिलं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली. निकाल पालकांच्या बाजूने लागला, पण तोवर जून उलटून शाळा सुरू झाल्या होत्या. नियम न्याय्य असणं जेवढं गरजेचं, तेवढंच त्याने वेळेत पक्कं असणंही.

जवाहर नवोदय विद्यालयाची रीत त्या मानाने सोपी आहे. रायगडचं विद्यालय माणगाव तालुक्यातल्या निजामपूरला आहे. सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना, हे माहितीपत्रकातच छापलेलं असतं. त्यामुळे खालापूरच्या वाडीतल्या एखाद्या मुलीला शहरातल्या मुलाच्या आधी जागा मिळाली, तर तिच्यावर कुणाची मेहरबानी झाली असं कुणी म्हणत नाही.

रोबोटिक्समध्ये मला सगळ्यात जास्त डाचतं ते मुदतीचं. नंबर जाहीर झाला, क्रम चोख लावला, आणि फी भरायला दोन दिवस दिले, तर ती यादी ज्यांच्या खात्यात पैसे पडून आहेत त्यांच्याकडेच वाहत जाते. परदेशातली स्पर्धा असेल तर हा उतार आणखी तीव्र. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची अर्जाची फी २०२३ पासून माणशी १८५ डॉलर झाली, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्याआधी मुलांचे पासपोर्ट हवेत. इथे बहुतेक घरांत आईवडिलांपैकीही कुणाकडे पासपोर्ट नसतो. एप्रिलच्या स्पर्धेसाठी मार्चमध्ये वेटिंग कन्फर्म झालं, तर कोंडाण्याच्या टीमसाठी ते कागदावरचंच कन्फर्म.

२०१७ मध्ये वॉशिंग्टनला ‘फर्स्ट ग्लोबल’ची पहिली आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स स्पर्धा झाली, प्रत्येक देशाची एक टीम अशी. निवड झाली की वाद संपायला हवा. तरीही अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींना दोनदा व्हिसा नाकारला गेला. जगभर बातम्या झाल्या आणि अखेर त्यांना प्रवेश मिळाला. ज्यांची बातमी होत नाही, अशा टीमचं काय?

म्हणून नावनोंदणीची फी भरण्याआधी आयोजकांना मेल करावा. फोनवर मिळालेलं आश्वासन नंतर दाखवता येत नाही. यादीचा क्रम कशावरून लागतो, टीमला तिचा नंबर कळेल का, रिकामी जागा त्याच विभागात राहते की राज्यभरात फिरते, होकार द्यायला किती दिवस मिळतात, कोणत्या तारखेनंतर यादी बंद होते, हे त्यात स्पष्ट विचारावं. भाषा आदराची असावी. भांडणाची गरज नाही. उत्तर आलं नाही तरी तो मेल जपून ठेवावा.

प्रत्येक फेरीनंतर पंच गुणपत्रक दाखवतात, तेव्हा मुलांनी घाईने मान डोलवू नये. एकेक ओळ बघावी, शंका तिथल्या तिथे विचारावी आणि मुभा असेल तर फोटो काढावा. पुढे यादीवरून प्रश्न निघाला, तर हाच एक पुरावा हातात राहतो. शाळेने सही करणाऱ्यांपैकी एक जण गावातच असेल अशी व्यवस्था आधी करावी. बचत गटाशी बोलणं निकालानंतर करण्यात अर्थ नाही. ‘जागा मिळाली तर’ अशा अटीवर आधीच मंजुरी घेता येते. खोपोलीच्या बाजूला कारखाने आहेत. कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. पण त्यांची मंजुरी सावकाश होते, म्हणून अर्ज शाळा सुरू होतानाच द्यावा.

मुलांशी बोलताना ‘मिळाल्यात जमा आहे’ असं कधी म्हणू नये. वेटिंग म्हणजे काय ते त्यांना नीट समजावून सांगावं आणि एक तारीख ठरवावी; त्या दिवसानंतर वाट बघणं थांबवून पुढच्या हंगामाचा रोबोट हाती घ्यायचा. नाहीतर वाट बघण्यातच सराव सुटतो.

आयोजकांकडेही मागणं मोठं नाही. गुणांसहित यादी लावावी, क्रमाला अपवाद असतील तर ते नियमपुस्तिकेत आधी लिहावेत, होकारासाठी निदान एक आठवडा द्यावा. होकार लगेच घेऊन पैसे नंतर भरू द्यावेत, म्हणजे जागाही अडकून राहत नाही आणि गरीब टीमही गळत नाही.

गावाजवळच्या कोंडाणे लेण्याच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. कण्ह या गुरूचा शिष्य बलक याने हे काम केल्याची त्यात नोंद आहे. या मुलांनीही आपल्या कामावर नाव घातलं: टीमने आयोजकांना पत्र लिहायचं ठरवलं, तेव्हा खाली मुख्याध्यापकांबरोबर प्रत्येक मुलाने स्वतःचं नाव लिहून सही केली. पत्र कोड लिहिणाऱ्या मुलीने मराठीत लिहिलं. उत्तर आलं: पुढच्या हंगामापासून फी भरायची मुदत दोन दिवसांवरून वाढवू, असं आयोजकांनी कळवलं आहे. क्रम कसा लावतात याबद्दल त्यात काही नाही. शाळेने तो प्रश्न पुन्हा पाठवला आहे, आणि नावनोंदणीची फी उत्तर आल्यावरच भरायची असं पालकांच्या सभेत ठरलं आहे.