वाड्यातले वर्ष आणि सेरोटोनिन

चि. सईस अनेक आशीर्वाद.

सेरोटोनिन हे चेतापेशींचे निरोप पोचवणारे रसायन. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी मोजक्या, मेंदूच्या देठातल्या राफे नावाच्या पुंजक्यांत असतात. त्यांचे धागे मात्र जवळपास साऱ्या मेंदूभर जातात. जन्मानंतरही काही काळ हे जाळे विणले जात असते, म्हणून तेव्हाचा ताण त्यात मुरतो. आईवेगळ्या वाढलेल्या ऱ्हीसस माकडांत सेरोटोनिनची घडण निराळी आढळली आहे. ‘लहानपणीच मेंदू बिघडला, आता गोळ्यांचा काय उपयोग’ असे म्हणून सईने नैराश्यावरच्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्याचे वहिनींकडून, म्हणजे तिच्या आईकडून, कळले. बिघडणे वेगळे आणि बदलणे वेगळे.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मीनी यांच्या गटाने 2004 मध्ये हा फरक दाखवला. काही उंदीर-माद्या पिलांना पुष्कळ चाटतात, काही कमी. चाटल्याने पिलाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेरोटोनिनचा निरोप वाढतो. त्यातून ताणाचे संप्रेरक ओळखणाऱ्या ग्राहकाच्या जनुकावरची मिथाइलची खूण पहिल्या आठवड्यातच पुसली जाते, ग्राहक जास्त बनतात आणि मोठेपणी आलेला ताण लवकर ओसरतो. कमी चाटलेल्या पिलांत खूण राहते. पण तेच पिलू जन्मताच पुष्कळ चाटणाऱ्या मादीकडे दिले, तर तिच्या पिलांसारखे होते. शिवाय प्रौढ उंदराच्या मेंदूत एक रसायन सोडल्यावर ती खूण फिकी झाली. ते रसायन म्हणजे सईच्या गोळ्या नव्हेत. पण लहानपणी उमटलेले मोठेपणी हलत नाही, हे खरे नाही.

2003 मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधील अभ्यासावरून सेरोटोनिन-वाहकाच्या जनुकाचा एक प्रकार आणि आयुष्यातले आघात मिळून नैराश्य वाढते, असे मांडले गेले. पुढच्या मोठ्या पडताळण्यांत ते टिकले नाही. असे काही मोबाइलवर अर्धे वाचून स्वतःचे भविष्य ठरवणे सईसारख्या शिकलेल्या मुलीला शोभत नाही.

गोळ्या एकाएकी सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात, घाबरे होते. हे आजार उलटल्यासारखे वाटते, पण पुष्कळदा तो सोडण्याचाच परिणाम असतो. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

राहिली सईच्या लहानपणाची गोष्ट. वहिनी सात महिने दवाखान्यात होत्या, तेव्हा दोन वर्षांची सई वाड्याच्या ओसरीच्या पायरीवर आईची जुनी साडी कवटाळून बसायची. तिला सांगलीला आत्याकडे आणता आले असते. पण आत्याला बी.एड.ची परीक्षा मोठी वाटली. आज त्या परीक्षेचे गुणही आठवत नाहीत, ती पायरी आठवते. त्यात सईचा दोष कणभरही नव्हता. वर रागावून लिहिले गेले तेही भीतीपोटीच.

शनिवारी सकाळच्या गाडीने आत्या पुण्याला येत आहे. डॉक्टरांकडे दोघींनी मिळून जायचे. त्या साडीची गोधडी शिवून ठेवली आहे, तीही सोबत येईल.

आत्या