नेणारे पुष्कळ, आणणारा एक

पोरा, पाऊस सरला की तूही देवकुंडाच्या वाटेवर गाईड म्हणून उभा राहणार, असं तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. पाय तुझे मजबूत आहेत, तोंड तर त्याहून. भिऱ्यात वाढलेल्याला वाट शिकवायची गरज नाही, गुरांमागे हिंडून ती आपल्या पायांत बसलेलीच असते. पण धबधबा दाखवायला कुणी गाईडला पैसे देत नाही रे, आवाजाच्या रोखाने कुणीही तिथे पोचेल. पुण्या-मुंबईहून आलेली ती सगळी मंडळी संध्याकाळी पुन्हा त्यांच्या गाडीत बसवायची, त्याचे पैसे. खालचं सगळं तेवढ्यासाठीच लिहिलंय. हसलास तरी चालेल, पण कागद घडी घालून खिशात ठेव.

१. निघण्याआधी नावं आणि नंबर एका कागदावर लिही आणि तो कागद घरी ठेवून जा — रानात रेंज नसते, आणि संध्याकाळी शोधायची वेळ आली तर तुझ्या डोक्यातली यादी गावाच्या काय कामाची?

२. डोकी मोज: निघताना, प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे, पलीकडे, आणि कुंडावरून उठताना. ‘शाळेची सहल आहे का?’ म्हणून हसतील, तू मोजत राहा — हजेरी घेणाऱ्याला हाका माराव्या लागत नाहीत.

३. पैसे, जेवण, गाडी कुठे लावायची, सगळं गावातच ठरव — पैसे आधी ठरले की परतीचा चहा गोड लागतो.

४. शुगर आहे का, दमा आहे का, छातीचं काही दुखणं, एवढ्यात ऑपरेशन? हे एकेकाला बाजूला घेऊन हळूच विचार — चारचौघांत विचारलं की सगळेच पैलवान असतात.

५. चेहऱ्याआधी पाय बघ. गुळगुळीत तळव्याची चप्पल किंवा आज सकाळीच खोक्यातून काढलेले बूट दिसले तर तिथेच बोल — शेवाळाला किंमत कळत नाही, आणि नवा बूट अर्ध्या वाटेत चावतो.

६. ऊन चढायच्या आत निघायचं. दहा-साडेदहाला गाडीतून उतरून ‘आम्ही फास्ट चालतो’ म्हणणारे भेटतील, त्यांना उद्याची वेळ दे — जाऊन-येऊन चार-पाच तास नुसतं चालणं आहे, आणि रानात अंधार गावाच्या आधी पडतो.

७. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला तुझ्या पाठोपाठ घे. दणकट, कमी बोलणारा एखादा गडी हेरून शेवटी ठेव आणि शिट्टी त्याच्या गळ्यात घाल — शेवटचा पोचला म्हणजे ग्रुप पोचला.

८. ‘दादा, अजून किती लांब?’ याला ‘पाच मिनिटं’ हे उत्तर कधीही देऊ नकोस, तोंडावर आलं तरी गिळ — ती थाप पकडली गेली की मग ‘इथे पाण्यात उतरू नका’ हीसुद्धा त्यांना थापच वाटते.

९. सुरुवातीची वाट धरणाच्या पाण्याकडेने सपाट जाते, काय बोलायचं ते तिथेच बोलून घे — चढ लागला की कुणाच्या कानात काही शिरत नाही. सांगायला आपल्याकडे कमी नाही. मुळशीचं पाणी घाटाखाली आणून टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरात वीज होते, ती १९२७ पासून. त्या मुळशी धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जायच्या म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, आणि बापटांना ‘सेनापती’ हे नाव त्या लढ्यातून मिळालं, तेही सांग. मुंबईकराला आपल्या दिव्याच्या बटणामागे काय काय आहे ते कळू दे. वीज करून मोकळं झालेलं पाणी कुंडलिकेत सुटतं, त्यावरच खाली कोलाडला राफ्टिंग चालतं, आणि शेवटी ही नदी रेवदंड्याला समुद्रात जाते. आदल्या दिवशी जी मंडळी राफ्टिंग करून आलेली असतात, ती हे ऐकताना हमखास थांबतात.

१०. माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हण. दिसेल त्या दगडाला पांडव चिकटवू नकोस — प्रत्येक ग्रुपात एक तरी मास्तर असतो, आणि तो गप्प बसलेला असतो.

११. मार्चनंतर ग्रुप नेलास तर प्रत्येकाकडे किमान तीन लिटर पाणी असल्याशिवाय पाऊल उचलू नकोस, आणि तुझ्याकडे मीठ-साखर वेगळी — २०१७ च्या मार्चमध्ये भिऱ्याचा पारा ४६.५ अंशांवर गेल्याची बातमी देशभर गाजली होती. त्या आकड्यावर नंतर शंकाही घेतल्या गेल्या. आपल्या घामाबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती.

आता ओढ्यांचं. इथे जरा सावकाश वाच, बाकीचं विसरलास तरी चालेल.

१२. ओढा ओलांडायचा तो पात्र रुंद आणि पाणी पसरलेलं असेल तिथे. तरणी पोरं अरुंद जागा बघून उडी मारायला टपलेली असतात, त्यांना आवर — अरुंद जागेतलं पाणी खोल असतं आणि ओढही तिथेच जास्त.

१३. हात द्यायचा तर मनगट धरायचं, बोटं नाही — ओली बोटं सुटतात. आणि हे सांगताना लाजू नकोस. तुझी काकू पहिल्यांदा त्या वाटेने आली तेव्हा मी तिचं मनगटच धरलं होतं, लोक काय म्हणायचं ते म्हणाले.

१४. पाण्यात पाऊल टाकण्याआधी सॅकचा कमरेचा आणि छातीवरचा पट्टा सगळ्यांना सोडायला लाव — तोल गेला तर ओझं झटकून टाकता आलं पाहिजे. सॅक रेवदंड्याला गेली तर जाऊ दे.

१५. काठी प्रत्येकाच्या हातात, तोंड पाण्याच्या धारेकडे, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा — काठी आणि एक पाय रोवलेला असला की पाण्याला ढकलायला जागा मिळत नाही.

१६. पलीकडे पोचलास की काठाचा एक दगड निवड, अर्धा पाण्यात, अर्धा कोरडा. पाणी कुठवर टेकलंय ते नीट बघ. दगडावरच्या एखाद्या भेगेची, डागाची खूण मनात ठेव. कुंडापाशीही असाच एक दगड धर आणि गप्पा मारताना दर थोड्या वेळाने त्याच्याकडे नजर टाक. भेग दिसेनाशी झाली की गप्पा बंद — आपल्या डोक्यावर ऊन असतं तेव्हा वर ताम्हिणीच्या अंगाला सर कोसळत असते, आणि ते पाणी निरोप धाडून येत नाही. घाटावर गडगडलं की खालच्याने चपला शोधाव्यात.

१७. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, ओल्या मातीचा वास सुटला, आत दगड घरंगळल्याचा आवाज आला: यातलं काही एक झालं तरी सगळ्यांना उंचावर घे. ओढ्यापलीकडे न्यायची घाई करू नकोस, आधी उंचावर — दुसऱ्या खुणेची वाट बघायला वेळ मिळतोच असं नाही.

१८. ओढ्याने वाट अडवली तर बसून राहा, तास जावो की दोन. कुणाची ट्रेन चुकेल, कुणाची मीटिंग, सगळं ऐकून घे आणि बसून राहा — डोंगरातलं पाणी चढतं तसं उतरतंही. उशिरा आलेल्याला भाकरी गरम करून देता येते.

१९. कुंडावर धार पडते तिच्याखाली कुणालाही जाऊ द्यायचं नाही, मग तो पोहण्याची मेडलं घेऊन आलेला का असेना — तिथल्या फेसात हवाच जास्त, पाणी कमी, त्यात हात मारून अंग वर येत नाही. शिवाय धारेबरोबर वरून दगडही येतात.

२०. घामाघूम अंगाने कुणी पाण्यात झेप घेऊ नये. आधी बसवायचं, सुकवायचं, मग काठालाच पाय ओले — ते पाणी उन्हाळ्यातही गार, श्वास अडकतो आणि पोटऱ्यांना गोळे येतात.

२१. जो आरडाओरडा करतोय तो ठीक आहे, जो अचानक गप्प झालाय त्याच्याकडे बघ — बुडणाऱ्याला श्वास घेता येत नाही, तो ‘वाचवा’ कुठून म्हणणार?

२२. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घे, झाकण घट्ट लाव, लांब दोरीला बांध आणि कुंडावर असेपर्यंत हाताशी ठेव. प्रसंग आला तर आधी तो फेक, स्वतः उडी टाकू नकोस — घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो, आणि मग काठावरच्यांना दोघांसाठी रडावं लागतं. तुझ्या आईला मी तोंड दाखवायचं आहे.

२३. बाटली गावातच ठेवून घ्यायची, गोडीत. ऐकलं नाही तर पैसे परत करून घरी ये — बाटली आत गेली की गाईड बाहेर. आणि भरलेली बाटली वर नेणाऱ्याला रिकामी खाली आणायचं बळ कधीच उरत नाही, त्या काचेवर मग आपल्याच गुरांचे पाय पडतात.

२४. कड्याला आग्या मोहोळाची पोळी दिसली तर धूर, सेंटचे फवारे, ड्रोन, बोंबाबोंब सगळं बंद — डिवचलेल्या माश्या मागे लागल्या की ही वाट पळायची नाही.

२५. पाल्यात बसण्याआधी काठी आपटून घे — फुरसं तुझ्याआधी बसलेलं असू शकतं.

२६. दुपारी दोनला उठायचं म्हणजे उठायचं. ‘एकच रील, दादा’ याला माया दाखवू नकोस — माणसं पडतात ती उतरताना. पाय दमलेले असतात आणि डोकं अजून फोटोत असतं.

बंदीचंही बोलून घेऊ, नाहीतर तू विचारशीलच. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो आणि आपली वाट बंद होते. मला त्याचा राग येतो, लपवत नाही. चार बेपर्वा माणसांपायी पोळी-भाजी करून विकणाऱ्या बायकांपासून गाड्या लावून देणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांचा हंगाम बुडतो. चुलीवरचं भांडं आदेश वाचून भरत नाही. पण जुलैतलं ते पाणी मी बघितलंय. तेव्हा त्या वाटेने कुणाला नेऊ नये, असं माझं मत आदेश नसता तरी असंच असतं.

२७. बंदीच्या दिवसांत कुणीतरी रात्री फोन करेल: ‘मागच्या वाटेने ने, दुप्पट देतो.’ गोड बोलून नाही म्हण आणि त्याला ऑक्टोबरातली तारीख दे — दुप्पट पैसे देणारा अर्धीही जबाबदारी घेत नाही.

२८. ग्रुप परत आला की त्यांच्यादेखत एकदा मोज, मगच पाठ टेक. दोर घरी आणून सावलीत पसर, बोटांनी चाचपत जा, कुठे पीळ सुटलेला लागला तर तो दोर उद्यापासून गुरांना — उन्हात वाळवलेला नायलॉनचा दोर दिसतो तसाच, पण आतून हलका पडतो.

२९. रविवारी किती ताटं लागतील ते काकूला शुक्रवारी रात्रीच सांग, त्यातले शाकाहारी किती तेही — ती भाकऱ्या मोजून करते. शनिवारी संध्याकाळी ‘अजून आठ जण आहेत’ म्हणायला तू जा, मी येणार नाही.