चेंडू उजवीकडेच का पळतो?

प्रश्न : मी कुडपण या डोंगरातल्या गावचा, नोकरीला पुण्यात. येरवड्याच्या गोल्फ मैदानावर शिकतोय. जोरात मारला की चेंडू उजवीकडे वळतो. गावी सराव कसा करू?

उत्तर : तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरतो. चेंडूला लागताना स्टिकचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं राहतंय; दोष बहुधा पकडीचा. डावा हात किंचित उजवीकडे फिरवून धरा; वरून पाहताना डाव्या मुठीचे दोन-तीन उंचवटे दिसायला हवेत. आणि जोर कशाला? चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा! सध्या सात नंबरच्या आयर्नने कमरेपर्यंतचाच स्विंग करा. गावी कापणीनंतरचं खाचर चालेल, पण सपाट. उतारावर चेंडू पायांपेक्षा उंच असला की तो डावीकडे जातो आणि दोष गेल्याचा भास होतो. चेंडू प्लॅस्टिकचाच घ्या. दरीत गेलेला कोण शोधणार?