पोकलेनची मोटर जपा



चंद्रपूर-गडचिरोलीतील माजी मालगुजारी तलावांतला, म्हणजे आपल्या मामा तलावांतला गाळ उन्हाळ्यात पोकलेनने काढतात. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या शासकीय योजनेतूनही तलावांतला गाळ निघून शेतात जातो. पावसाच्या तोंडावर मशीन बंद पडली, तर गाळ तलावातच राहतो आणि हेल्परची मजुरी बुडते. हे काम शिकणाऱ्या तरुणांना हा धडा जरूर वाचून दाखवा.

पोकलेनच्या प्रत्येक चेनला स्वतंत्र हायड्रॉलिक मोटर व गिअरबॉक्स असतो. मोटरच्या आत थोडे तेल झिरपतेच. ते केस ड्रेन पाइपने टाकीत परत जाते. बऱ्याच मशीनमध्ये या वाटेवर एक छोटा फिल्टर असतो. तो चोंदला की तेल आत तुंबते, दाब वाढतो आणि सील फुटते.

म्हणून:

१. हा फिल्टर मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनी बदला. त्यात धातूचा चुरा दिसला, तर मशीन थांबवून मेकॅनिकला बोलवा.

२. गिअर ऑइल तपासा. पातळी आपोआप वाढली, तर सील गळत असावे. प्लग मशीन थंड झाल्यावरच, हळूहळू उघडा.

३. रोज संध्याकाळी स्प्रॉकेटजवळ अडकलेला गाळ, तार, मुळे काढा.

४. सरळ चालवताना मशीन एका बाजूला ओढत असेल, तर लगेच मालकाला सांगा.

५. मोटर बदलताना पाइपांतला चुराही साफ करून घ्या. नाहीतर नवी मोटरही जाईल.

मोटरच्या मानाने फिल्टर फार स्वस्त असतो. तो कधी बदलला, ती तारीख व मशीनचे तास वहीत लिहिण्याची सवय मुलांना लावा.