परदेशप्रवासात पैसा: खिशात किती, कार्डावर किती?



बालाघाटची मुले परदेशी निघाली की बहुधा नागपूरहून विमान धरतात. त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले, तेव्हा बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड. परदेशात पैशाचा हिशेब तेव्हाही जपावा लागे, आजही लागतो.

माझा पुतण्या जर्मनीला गेला. तिथे उतरल्यावर रेल्वेचे तिकीट काढताना कार्ड चालेना आणि जवळ एक युरोही रोख नाही. एका सहप्रवाशाने तिकीट काढून दिले म्हणून तो मुक्कामी पोहोचला. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही.

कार्ड खराब नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १६ मार्च २०२० पासून नवे कार्ड देशापुरतेच चालू करून मिळते. परदेशातील वापर आपण स्वतः बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो. ते राहून गेले होते.

मग सगळी रोखच न्यावी का? नाही. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. शिवाय पाकीट हरवले तर रोख गेलीच. कार्ड मात्र फोन करून बंद करता येते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचा खर्च रोख ठेवावा, बाकी कार्डावर.

कार्डाचाही खर्च असतो. समजा, बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्के शुल्क घेते. २०,००० रुपयांच्या खरेदीवर ७०० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. एकूण ८२६ रुपये जास्त गेले. आधी पैसे भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डात दर अगोदरच ठरतो, म्हणून निघण्यापूर्वी दोन्हींची तुलना करावी.

दुकानातील यंत्र विचारते, 'रुपयांत देता की स्थानिक चलनात?' रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर बहुधा महाग पडतो. स्थानिक चलनच निवडावे. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नये. व्याज त्याच दिवसापासून लागते.

दोन कार्डे असल्यास वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. बँकेचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, कारण मोबाईलही हरवू शकतो.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी वरील हिशेब ३५,००० रुपयांसाठी करून वहीत दाखवावा. आज वहीत केलेला हिशेब उद्या परक्या गावी उपयोगी पडेल.