आधी बोट, मग मुक्काम

नॉर्वेच्या किनाऱ्याने गाडी घेऊन जाणार म्हणालीस, फार बरं वाटलं गं. आता मामाचं थोडं ऐकून ठेव.

स्टाइनशर ते बोडो हा किनारी रस्ता साधारण 650 किलोमीटर. मध्ये 6 ठिकाणी रस्ता पाण्यापाशी संपतो आणि गाडी बोटीत चढवावी लागते. म्हणून किलोमीटर मोजून दिवस आखू नकोस. आधी बोटींचं वेळापत्रक, मग मुक्काम. मी शेवटची बोट चुकवून धक्क्यावरच गाडीत झोपलोय. जूनमधली रात्र, पण लख्ख उजेड. डोळ्यांवर बांधायला जाड पट्टी ने. वाणसामान शनिवारीच भर, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तंबू ठोकलास तर कुणाच्याही घरापासून 150 मीटर लांब.

ब्रन्नॉयसुंदजवळचा टॉर्गहाटन बघशीलच. डोंगराला आरपार भोक आहे, 160 मीटर लांब! हिमयुगात जमीन खाली दबलेली असताना लाटांनी ते पोखरलं. चढण थोडीच आहे, पण बूट चांगले घाल.

वेगा बेटाला मात्र दोन दिवस दे. हॉर्नच्या धक्क्यावरून बोट मिळते. तिथली माणसं आयडर नावाच्या रानटी समुद्री बदकांसाठी छोटी घरं बांधतात, आत वाळलेलं समुद्रशेवाळ अंथरतात. वसंतात माद्या येऊन अंडी घालतात, माणसं त्यांची राखण करतात आणि पिल्लं घेऊन त्या समुद्रावर गेल्या की मागे राहिलेली मऊ पिसं गोळा करतात. एका दुलईला कितीतरी घरट्यांची पिसं लागतात. हे जपण्यात तिथल्या बायकांचा वाटा मोठा. 2004 साली युनेस्कोने या द्वीपसमूहाला जागतिक वारसा म्हटलं, ते या नात्यासाठीही. तू विणीच्या दिवसांत गेलीस तर फोटोसाठी घरट्यात डोकावू नकोस, हे मामाचं हात जोडून सांगणं. बिथरलेली मादी अंडी सोडून उठते.

किलबॉगहामन ते येकव्हिक ही बोट आर्क्टिक वृत्त ओलांडते. तासाभराचाच प्रवास आहे, गाडीत बसून राहू नकोस. वारा अडवणारं जाकीट चढव आणि डेकवर ये.

बोडोच्या अलीकडे साल्टस्ट्राउमेनची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीचं प्रचंड पाणी तिच्यातून आत-बाहेर करतं. आपल्या कोकणासारखंच, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण जास्त. तेव्हा निघतानाच पंचांग बघ आणि तिथे पोचलीस की प्रवाहाच्या वेळा विचार. आधी पुलावरून बघ, मग काठावर उतर, पण ओल्या खडकांपासून चार पावलं मागेच राहा. भोवरे अगदी पायाशी फिरतात.